दहा मिनिटांचा लेप

जालना जिल्ह्यात पाहण्यासारखे काय आहे, असे दापोलीला परतल्यावर मला दोघातिघांनी विचारले. मी त्यांना मोसंबीच्या बागांविषयी सांगितले. एकाच झाडावर पिकलेले फळ आणि नवा मोहर शेजारी शेजारी असतो आणि त्या वासाने बसच्या खिडकीशी बसलेला माणूस थोडा वेळ तरी गप्प होतो, असे सांगितले. ते खोटे नव्हते. मात्र मी तिथे गेलो होतो एका दाताकरिता, आणि हे सांगायचे राहून गेले. राहून गेले असे म्हणणेही बरोबर नाही. मी ते टाळले. टाळण्याची सवय जुनी आहे, आणि हा प्रवास त्या सवयीपायीच करावा लागला. म्हणून निदान लिहिताना तरी क्रमाने आणि काही न वगळता लिहावे, असे ठरवले आहे.

मी दंतवैद्य आहे. सहा वर्षांपूर्वीपर्यंत माझा दवाखाना जालना शहरात होता. आमच्या कोकणातल्या विहिरींच्या पाण्याने दात किडले तरी डागाळत नाहीत. तिकडच्या काही गावांतले बोअरचे पाणी मात्र असे, की ते पिऊन वाढलेल्या मुलांचे पक्के दात तपकिरी डाग घेऊनच उगवतात. लग्न ठरले की अशा मुलींना घेऊन आईबाप माझ्याकडे येत. केदारखेड्याचे मारोतराव असेच आले. पिढीजात मेंढपाळ, जोडीला थोडी कोरडवाहू शेती. बरोबर त्यांची एकुलती एक मुलगी रेणुका. लग्न चार दिवसांवर आले होते. तिच्या सगळ्याच दातांवर डाग होते आणि समोरच्या एका दाताला चांगला खळगा पडला होता. मी तिचे दात औषधाने पांढरे केले आणि त्याच बैठकीत, त्या खळग्याच्या दातावर दाताच्याच रंगाचा एक पातळ थर बसवला.

चूक इथे झाली. ती नीट समजावून सांगितली नाही तर पुढचे काहीच समजणार नाही. दात पांढरे करण्याच्या औषधातून ऑक्सिजन सुटतो, आणि तो काही दिवस दाताच्या आवरणात अडकून राहतो. दात शुभ्र दिसतो. पण त्यावर लगेच काही चिकटवले, तर आतला ऑक्सिजन त्या चिकट द्रव्याला पुरते घट्ट होऊ देत नाही. म्हणून दोन आठवडे थांबावे लागते. थांबणे शक्य नसेल, तर दातावर अँटिऑक्सिडंटचा लेप द्यावा. हा लेप त्या उरलेल्या ऑक्सिजनला निष्प्रभ करतो. क जीवनसत्त्वाच्या क्षाराची पूड पाण्यात कालवून तो ऐन वेळी तयार करावा लागतो आणि दातावर दहा मिनिटे ठेवावा लागतो. हे सगळे मला तेव्हा माहीत होते. पूडही कपाटात होती. पण बाहेर बाकावर माणसे खोळंबली होती, आणि मी दहा मिनिटे थांबलो नाही.

तिकडे लग्नात विडा तोडण्याचा खेळ असतो. नवरी विड्याचे टोक दातांत धरते, आणि दुसरे टोक नवरदेवाने आपल्या दातांनी तोडायचे. भोवती दोन्हीकडच्या बायका गाणी म्हणत, चिडवत उभ्या असतात. रेणुकाच्या दातावरचा थर त्या खेळात निघाला आणि विड्याबरोबर नवरदेवाच्या तोंडात गेला. त्याने तो तळहातावर थुंकला आणि सगळ्यांनी पाहिला. मारोतरावांनी मांडवातूनच मला फोन केला. काय झाले, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, तिने काहीतरी टणक चावले असेल. मी तिला बजावले होते.

मी तिला काहीही बजावले नव्हते.

त्यानंतर चार महिन्यांनी दवाखाना बंद करून मी दापोलीला आलो. कारणे घरची होती, पण मला निघायला बरे वाटले हेही खरे. मागच्या हिवाळ्यात आमच्या संघटनेच्या एका सभेत माझ्या मुलीच्या वयाच्या एका दंतवैद्य बाईंनी याच लेपावर व्याख्यान दिले. शेवटी त्या सहज म्हणाल्या, की थर निघाला की आपण पेशंटच्या खाण्याला दोष देतो. सभागृहात थोडे हसू उमटले. मीही हसलो. घरी येऊन पेशंटांची जुनी कार्डे काढली आणि माघाच्या शेवटी निघालो. रेणुकाला, तिच्या वडिलांना आणि तिच्या सासरी, चूक कोणाची होती ते स्वतःच्या तोंडाने सांगायचे, एवढेच काम होते. जमल्यास दातही दुरुस्त करायचा होता. त्यासाठी लागणारे साहित्य, थर घट्ट करणारा, बॅटरीवर चालणारा दिवा आणि दात धुवायला शुद्ध पाण्याची बाटली पिशवीत घेतली. लेपाची पूड मात्र घेतली नाही. कारण उघड होते. सहा वर्षांत तो ऑक्सिजन केव्हाच निघून गेला होता. आता लेपाची गरज उरली नव्हती.

अंबड

पहिल्या दिवशी अंबडला गेलो, ते हमीदभाईंना भेटायला. ते माझ्या दवाखान्यात मदतनीस होते. आता कोर्टाच्या रस्त्याला त्यांचे चष्म्यांचे छोटे दुकान आहे. वकील आणि पक्षकार दोघांचेही चष्मे तेच दुरुस्त करतात, आणि दोघांनाही उलटे काही विचारत नाहीत, अशी त्यांची ख्याती असल्याचे शेजारच्या टंकलेखकाने मला सांगितले.

हमीदभाई पन्नाशीला आले आहेत. दाढी पांढरी झाली आहे. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटले नाही, किंवा वाटले तरी त्यांनी ते दाखवले नाही. दुकानाला पडदा लावून ते मला मागच्या घरात घेऊन गेले. तिथे खिचडी आणि खट्टा असा नाश्ता होता. पिवळी मसुरीची खिचडी आणि त्यावर चिंच, तीळ, शेंगदाण्याचे आंबटजाळ पातळ कालवण. आमच्याकडे सकाळी इतके आंबट कोणी खात नाही. माझे दात कळवळले तसे हमीदभाई मिशीत हसले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेबांचेच दात कच्चे निघाले."

खाऊन होईपर्यंत त्यांनी मला बोलू दिले नाही. मग मी रेणुकाचे नाव काढले, तेव्हा त्यांनी हात पुसले आणि बराच वेळ पुसत राहिले.

"मी पुडी फोडली होती, साहेब," ते म्हणाले. "वाटीत पाणी बी घेतलं होतं. विचारलं, कालवू का. तुम्ही बोलला न्हाई, हातानं नुसतं असं केलं." आणि त्यांनी माशी हाकलावी तसा हात हलवला. "तो हात मला आजून याद हाय."

मला तो हात आठवत नव्हता. या सहा वर्षांत मी त्या दिवसाची उजळणी किती वेळा केली असेल, पण त्या उजळणीत हमीदभाई कधीच नव्हते. खोलीत मी आणि ती मुलगी, दोघेच असायचो. चूक एकट्यात घडली असे मानले म्हणजे ती थोडी लहान होत असावी.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मी जालना सोडल्यावर मारोतराव एकदा दवाखान्याशी आले होते. हमीदभाई तेव्हा सामान हलवत होते. मारोतरावांनी पायरीवर बसून विचारले, माझ्या पोरीने खरेच ऐकले नाही का? हमीदभाई म्हणाले, साहेबांना विचारा. "तुमचं मीठ खाल्लं होतं. बोललो न्हाई. बराबर केलं का चूक, ते आजपातुर कळलं न्हाई मला."

निघताना त्यांनी दुकानातून एक काचेची छोटी वाटी आणली. तीत चष्म्याचे बारीक स्क्रू होते. ते त्यांनी कागदावर ओतले, वाटी धुतली, रुमालाने कोरडी केली आणि माझ्यापुढे ठेवली. दवाखान्यातली तीच वाटी होती. शेजारच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी त्या क्षाराची एक पुडीही मागवून घेतली. आता तिची गरज नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले आणि पुडी माझ्या पिशवीत टाकली.

केदारखेडा

दुसऱ्या दिवशी जालन्याहून भोकरदनच्या बसने निघालो. बसस्थानकाबाहेर द्राक्षांच्या गाड्या होत्या. द्राक्षाच्या बियांच्या अर्कावरही या लेपासाठी प्रयोग झाले आहेत, म्हणून मी उगाच विचारले, की बियांची द्राक्षे मिळतील का. विक्रेता माझ्याकडे पाहतच राहिला. "काका, बी न्हाई म्हणून तर भाव हाय," तो म्हणाला, आणि शेजारच्या गाडीवाल्याला त्याने हे मोठ्याने सांगितले. त्या दोघांचा सकाळचा वेळ माझ्यामुळे मजेत गेला असावा.

बसमध्ये शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. उन्हे चढल्यावर त्यांनी पाणी आहे का विचारले. मी पिशवीतून माझी पिण्याची बाटली काढून देण्याआधीच त्यांनी दुसरी, शुद्ध पाण्याची बाटली उचलली आणि घटाघटा अर्धी संपवली. मग तोंड वाकडे करून म्हणाले, "कुठलं पाणी हाय हे? चवच न्हाई बिलकुल." उरलेले त्यांनी खिडकीतून हात धुवायला वापरले. माझ्या सामानातली एक वस्तू अशी गेली. ज्या पाण्याने दातांवर डाग पडतात त्याला निदान चव असते, हे त्यांच्या दृष्टीने खरेच होते.

पूर्णेवरच्या पुलाच्या अलीकडे हरभरा काढणीला आला होता आणि शाळू हुरड्यापलीकडे गेला होता. नदीत पाणी थोडे, वाळू फार. केदारखेड्याच्या फाट्यावर उतरून मारोतरावांचे घर विचारले. पानटपरीवरचा माणूस म्हणाला, "मारोतराव मेंढरवाले? ते तर गेले की. दिवाळीच्या आधी." मला वाटले, मेंढरे घेऊन गेले. मी विचारले, कधी परततील. त्याने पुडी बांधता बांधता मान वर केली आणि मग मला कळले.

घरी त्यांच्या पत्नी गयाबाई होत्या. घरापुढे काट्याकुट्यांच्या कुंपणाचे मेंढरांचे आवार रिकामे होते. लेंड्या मात्र अजून झाडलेल्या नव्हत्या. मी जालन्याचा दातांचा डॉक्टर, एवढे सांगितले. त्यांनी ओळखले. माझ्या मनात वाक्य तयार होते. दापोलीपासून मी ते घोकत आलो होतो. पण आमच्याकडे पाहुण्याला आधी ओटीवर बसवून काम विचारतात. इथे आधी ताट येते. मी वाक्याला सुरुवात करेपर्यंत समोर ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि कांदा आला. येसर म्हणजे धान्ये आणि मसाले भाजून दळलेले पीठ. त्याची आमटी दाट, काळसर आणि खमंग असते. आमच्या भातखाऊ जिभेला भाकरी गिळायला वेळ लागतो. मी सावकाश खात होतो, आणि गयाबाई समोर बसून सांगत होत्या.

मांडवातून माझ्याशी फोनवर बोलल्यावर मारोतराव पाहुण्यांसमोर मुलीला फार बोलले होते. एवढा खर्च केला, डॉक्टरने बजावले, तरी तुला जपता आले नाही. माझी मान खाली घातलीस. ती म्हणत होती, मला कोणी काही सांगितले नव्हते. ते म्हणाले, डॉक्टर कशाला खोटे बोलेल. त्या दिवसापासून ती वडिलांशी बोलली नाही. सणाला यायची, आईशी बोलायची, जायची. ती असेपर्यंत मारोतराव मेंढरांच्या मागे पुलाकडे थांबत. ती बसमध्ये बसली की घरी येत. जाण्याच्या आदल्या दिवशी तापात त्यांनी दोनदा विचारले, पोरगी आली का. ती दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचली.

"हट्टी हाय माझी पोरगी," गयाबाई म्हणाल्या. "तुमचं ऐकलं अस्तं, तर एवढं झालंच नस्तं, भाऊ."

माझ्या तोंडात घास होता. तो मी गिळला, आणि पुढचा मोडला.

एवढेच मी केले. त्या घरात मी आणखी तासभर होतो, आणि ते वाक्य बोललो नाही. मी स्वतःला सांगितले, की शोक ताजा आहे. आधी मुलीला सांगावे, मग तिने आईला सांगावे, हेच उचित. असे उचित वाटणे मला फार लवकर सुचते. रेणुकाचा दात तपासायला तिच्या सासरी, वाटूरला जाणार आहे, एवढे बोललो तशा त्या उठल्या, आणि येसराने भरलेला स्टीलचा डबा फडक्यात बांधून त्यांनी माझ्या हातात दिला. "तिला आवडतं. सासरी आसं करीत न्हाईत," म्हणाल्या. परतीच्या बसमध्ये तो डबा मी मांडीवर ठेवला होता. तो जड नव्हता, तरी जालना येईपर्यंत माझे पाय बधिर झाले.

वाटूर

वाटूरला चारही बाजूंचे रस्ते एकत्र येतात, आणि प्रत्येक रस्त्यावरचा माणूस दुसऱ्या रस्त्याच्या बसची वाट पाहत असतो. तिसऱ्या दिवशी सकाळी तिथे उतरलो. औषधाच्या दुकानातून सुईच्या औषधात मिसळायच्या शुद्ध पाण्याच्या दोन कुप्या घेतल्या. रेणुकाचे घर फाट्यापासून जवळच, दहाबारा मोसंबीच्या झाडांमागे आहे. मोहर भरात होता.

अंगणात तिचा नवरा विष्णू आपल्या छोट्या मालगाडीत मोसंबीच्या पाट्या चढवत होता. सासू कौसाबाई बाजेवर फळे निवडत होत्या. मी ओळख सांगितली तशा त्या म्हणाल्या, "तुम्हीच व्हय ते रंगारी?" विष्णूने "माय" असे हलकेच म्हटले; पण मला ते बोलणे रास्तच वाटले.

रेणुका आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल. तिने मला पाहिले, ओळखले, आणि तोंड उघडले, तेव्हा मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. तिचे सगळे दात काळे होते. मिश्रीचे काळे. जळक्या तंबाखूची ही पूड आमच्याकडेही लावतात, पण म्हाताऱ्या बायका. तिच्या वयाच्या मुलीच्या तोंडात मी ती प्रथमच पाहिली.

या वेळी मी ताट येऊ दिले नाही. तांब्याही घेतला नाही. उभ्यानेच सांगितले. औषधाचे, अडकलेल्या ऑक्सिजनचे, लेपाचे सांगितले. पूड कपाटात होती आणि हमीदभाईंनी विचारले होते, तेही सांगितले. तिने काहीही टणक चावले नव्हते, मी तिला काहीही बजावले नव्हते, आणि मारोतरावांशी फोनवर मी खोटे बोललो, हे शेवटी सांगितले. विष्णूच्या हातात पाटी तशीच राहिली होती.

"किती येळ लागला अस्ता त्याला?" रेणुकाने विचारले.

"दहा मिनिटं."

तिने तांब्या खाली ठेवला. कौसाबाईच बोलल्या, पण माझ्याशी नव्हे. निवडलेल्या फळांकडे पाहून. "सहा वर्षं म्या हिच्या बापाला नावं ठेवली. पॉलिश करून माल गळ्यात मारला म्हणून. दिवाळीच्या आधी तो मेला, तरी म्या गेले न्हाई." मग एक फळ बाजूला टाकून म्हणाल्या, "मिश्री बी म्याच दिली हिला. लगीन झाल्यावर पाचव्या दिवशी. म्हणलं, सगळेच काळे झाले की एकाकडं कोण बघतंय."

मग रेणुकाची नजर माझ्या दुसऱ्या हातातल्या डब्याकडे गेली. तिने तो घेतला, फडके ओळखले, गाठ सोडून वास घेतला.

"आईकडं गेल्ता तुम्ही?"

"काल."

"येसर दिलंय म्हंजी जेवलात."

"हो."

"तिला सांगितलं?"

मी खाली पाहिले. अंगणात मोहराच्या पाकळ्या पडल्या होत्या आणि त्यांच्यावरून मुंग्या चालल्या होत्या.

तिने कमरेचा फोन काढला, क्रमांक लावला आणि फोन माझ्या हातात दिला. पडद्यावर 'आबा' असे नाव होते. मारोतरावांचा तोच क्रमांक; आता तो फोन गयाबाई वापरतात. सहा वर्षांपूर्वी याच क्रमांकावर मी खोटे बोललो होतो. पलीकडे घंटा वाजत असताना रेणुका शांतपणे म्हणाली, "जे आमाला सांगितलं ते समदं सांगा. एक बी शब्द गाळू नका."

मी सांगितले. अंगणात तिघे जण ऐकत होते आणि फोनच्या पलीकडे एक बाई होती. चौघांनीही मला कुठेच थांबवले नाही. मग गयाबाईंचा आवाज आला. तो चढलेला नव्हता.

"भाऊ, भाकर खाता खाता सांगितलं अस्तं, तरी म्या ताट वढून घेतलं नस्तं."

रेणुकाने फोन घेतला आणि ती झाडांपलीकडे गेली. आधी तिचे बोलणे ऐकू येत होते, मग नुसते "हूं" ऐकू येऊ लागले, मग तेही नाही. विष्णू माझ्यापुढे येऊन उभा राहिला. तो काय म्हणेल याला मी तयार होतो. तो म्हणाला, त्या दिवशी मी तो तुकडा गुपचूप गिळून टाकायला पाहिजे होता. मी हातावर थुंकला. मलाही हसू आले होते. एवढे बोलून तो पुन्हा पाट्या चढवू लागला. त्याला माल घेऊन परतूरला जायचे होते, पण तो गेला नाही.

कौसाबाईंनी मला बाजेवर बसायला सांगितले. लेपात नेमके काय असते, असे त्यांनी विचारले. मोसंबीत असते तेच जीवनसत्त्व, असे मी म्हणालो. त्यांनी पुढ्यातल्या ढिगाकडे पाहिले. "मंग रसच लावायचा व्हता की. पैशाला पासरी हाय हितं." मी सांगितले, की नुसता रस आंबट असतो, त्याने दात झिजतो, क्षार आंबट नसतो. त्यांनी मान हलवली. एक मोसंबी त्यांनी सोलली, पण मला दिली नाही, हातातच ठेवली.

रेणुका परत आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. पदराने तोंड पुसून तिने विचारले, की आता तो दात नीट होतो का.

होतो, असे मी म्हणालो. परतूरला किंवा जालन्याला चांगले दवाखाने आहेत. तिथे हवे तर मी बरोबर येतो. इथेही करता येईल, साहित्य आणले आहे. मिश्री चालू राहिली तर नवा थरही काळा पडेल, हे मला सांगावे लागले. ती म्हणाली, "ते माझं मी बघते."

तिने तोंड धुतले. बाज झाडाखाली, उजेडात ओढली आणि तिच्यावर आडवी झाली. मी हात धुऊन साहित्य मांडले आणि दात स्वच्छ केला. मिश्रीखालून तो खळगा तसाच निघाला, जसा मी सोडून गेलो होतो. थर बसवण्यासाठी मी चिकट द्रव्याची बाटली उघडली, तेव्हा तिने माझ्या मनगटाला बोट लावून मला थांबवले.

"तो लेप?"

आता त्याची गरज नाही, हे मी तिला नीट समजावले. ऑक्सिजन तेव्हाच, लग्नानंतर दोन आठवड्यांतच निघून गेला. आता लेप लावल्याने काही फायदा नाही, तसा तोटाही नाही.

"तरी लावा," ती म्हणाली. "दहा मिनिटं बसते मी."

हमीदभाईंची वाटी काढली. पुडी फोडली, कुपीतले पाणी घातले आणि कालवले. पांढरट लेप तयार झाला. तो मी ब्रशने त्या एका दातावर लावला. रेणुकाने बोटांनी ओठ दूर धरून डोळे मिटले. तिला आता बोलता येणार नव्हते. विष्णू गाडीच्या चाकाशी उकिडवा बसला. मी घड्याळाकडे पाहत होतो. फाट्यावरून एक बस गेली, मग दुसरी. तिसऱ्या मिनिटाला तिच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे गेले. तिने ते पुसले नाही; पुसायला हात हलवावा लागला असता. मारोतराव ज्या पुलाशी उभे राहत असतील तिथे ते एकेका वेळी किती वेळ थांबत असतील, हा विचार मला पाचव्या मिनिटाला आला, आणि तो पुढची मिनिटे गेला नाही.

कौसाबाईंच्याने बसवेना. त्या उठल्या, सुनेच्या तोंडात वाकून पाहिले आणि मला म्हणाल्या, "झाली अस्तील की आता."

"दोन राहिलीत," मी म्हणालो.

रेणुकाने डोळे न उघडता एक हात वर केला, आणि बोटाच्या खुणेने सासूला खाली बसायला सांगितले. कौसाबाई बसल्या.